दारातली पितळी नावं

कोबे शहरातल्या सान्नोमिया स्टेशनवरून डोंगराकडे चढत जाणारा रस्ता चारुताच्या इतका पायाखालचा होता, की ती तो झोपेतसुद्धा चढली असती. त्या दिवशी मात्र ती अर्ध्या चढावर थबकली.

मे महिन्यातली स्वच्छ सकाळ होती. तिच्या थोडं पुढे एक उंच माणूस पाठीवर लॅपटॉपची बॅग टाकून चालला होता. चालता चालता तो एकदम थांबला, खाली वाकला, फुटपाथला उजव्या हाताची बोटं लावली, ती छातीशी नेली... आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागला!

जपानमध्ये फुटपाथवर वाकणारी माणसं चारुताने खूप पाहिली होती. कुणाचा पडलेला हातमोजा उचलून कठड्यावर ठेवणारी, कुत्र्याने घाण केलेल्या जागी बाटलीतलं पाणी ओतणारी. पण पाय लागला म्हणून नमस्कार करणारा हात? तो हात कुठल्या स्वयंपाकघरात, कुणाच्या धपाट्यांनी घडतो, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. पुस्तकाला पाय लागला, कर नमस्कार. आजोबांना पाय लागला, कर नमस्कार.

तिने पुढे होऊन पाहिलं. फरशीत एक लहानशी पितळी चकती ठोकलेली होती. तिच्यावर दोन-चार जपानी अक्षरं आणि एक आकडा.

चारुताला जे हसू फुटलं, ते थेट त्या माणसाच्या पाठीपर्यंत पोचलं. तो वळला.

"देव नाहीये हो तो," ती मराठीतच म्हणाली. "महापालिकेची मोजणीची खूण आहे. रस्ता मोजायला ठोकतात."

त्याचे कान लाल झाले. गोरा नव्हता, तरी झाले.

"तुम्ही... मराठी?"

"अंदाजाने बोलले. गुजराती निघाला असतात तर हिंदीत माफी मागून मोकळी झाले असते."

"अनुप. अनुप दामले." तो खाली बघत म्हणाला. "सवय आहे हो. जमिनीत पितळ दिसलं की मला वाटतं, कुणाचं तरी नाव आहे."

"जमिनीत? नाव?"

"आहे एक गोष्ट. पण ती उभ्या उभ्या सांगण्यातली नाही. चहा लागेल."

"वा! पाच मिनिटांच्या ओळखीत चहा?"

"हाक तुम्ही मारलीत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याहून किंचित जास्त मिटायचा. असल्या बारीक गोष्टी चारुताच्या लगेच लक्षात यायच्या. तिचा तो धंदाच होता.

धंदा म्हणजे मोत्यांची निवड. कोबेच्या त्या चढावर मोत्यांच्या पेढ्या आहेत, आणि त्यातली एक मुंबईच्या जयेशभाईंची; चारुता तिथे काम करायची. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीशी, डोंगरावरून येणाऱ्या मऊ उजेडात, पांढऱ्या कापडावर मोती पसरायचे आणि रंग, आकार, झळाळी बघून वेगळे करायचे. कानातल्यांसाठी जोड्या लावायच्या, हे सगळ्यात अवघड काम. दोन मोती हुबेहूब सारखे नसतातच. एकमेकांशेजारी ठेवल्यावर दोघंही बरे दिसले पाहिजेत, एवढंच बघायचं. शेजारच्या टेबलावरच्या फुजिता-सान, म्हणजे फुजिताबाई, हे काम तीस वर्षं करत होत्या आणि चारुताला त्यांनीच शिकवलं होतं.

त्या दिवशी चारुताने दुपारपर्यंत एकही जोडी धड लावली नाही.

"चारुता-सान," फुजिता-सान चष्म्यावरून बघत जपानीत म्हणाल्या, "हा गुलाबी आणि हा हिरवट. यांचं लग्न कुणी ठरवलं?"

*

चहा शेवटी मशीनमधला निघाला, डब्यातला, गोड गोड. शनिवारी संध्याकाळी चढावरच्या छोट्या बागेत दोघं बाकावर बसली आणि नेमकी भुरभुर सुरू झाली. समोरच्या दुकानातून अनुपने एक पारदर्शक छत्री आणली. एकच.

"दुसरी संपली होती?" चारुताने विचारलं.

"दुसरी... होती," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी विचारलंच नाही."

मग त्याने गोष्ट सांगितली. छत्रीवर थेंब टपटपत होते आणि त्याचा आवाज मुळातच हळू, त्यामुळे चारुताला जवळ सरकावंच लागलं. तिने तक्रार केली नाही.

अनुप चार वर्षं जर्मनीत होता, हँबुर्गला. तिथल्या बंदरासाठी तो सॉफ्टवेअर लिहायचा, कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर कुठे चढवायचा ते ठरवणारं. आता त्याच कामासाठी सहा महिने कोबेच्या बंदरावर आला होता. हँबुर्गला भाड्याच्या घरी पहिल्या दिवशी दोन बॅगा ओढत पोचला, तेव्हा इमारतीच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळी माथ्याचे चार चौकोनी दगड बसवलेले होते. तळहाताएवढे. त्यावर अक्षरं कोरलेली. त्याचा बूट नेमका एकावर पडला.

"मला तेव्हा जर्मन ओ की ठो येत नव्हतं. पण अक्षरं आहेत, एवढं दिसलं. अक्षराला पाय लागला... म्हणून वाकून नमस्कार केला. चारही दगडांना. आणि वर खिडकीत एक म्हातारी उभी. बघतेय!"

"मग?"

"मग ती खाली आली. काठी टेकत. विचारलं, हे काय केलंस? मी सोप्या सोप्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे असं असतं. तर ती... रडायलाच लागली."

त्या पेटरसेन आजी. त्यांनी त्याला सांगितलं, की हे दगड म्हणजे स्मारकं आहेत. नाझींनी ज्यांना घराघरातून उचलून नेलं आणि मारलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर असा एकेक दगड बसवतात. एका माणसाला एक. वर लिहिलेलं असतं, इथे अमुक राहत होता. मग जन्माचं साल, कुठे नेलं, काय झालं. हँबुर्गमध्ये असे हजारो आहेत, आणि साऱ्या युरोपात किती तरी.

"त्या घरात सेलिग नावाचं ज्यू कुटुंब राहायचं. यूलियुस, क्लारा आणि धाकटा रुडी. तिघांना एकेचाळीस साली मिन्स्कला नेलं. परत कुणीच आलं नाही. रुडी नऊ वर्षांचा होता."

डब्यातला चहा चारुताच्या हातात निवत होता.

"पण नाव जमिनीत का?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "लोक तुडवत जाणार. भिंतीवर लावायचं ना."

"मीही आजींना हेच विचारलं. तिथेही काही लोक म्हणतात तसं. आजी म्हणाल्या, भिंतीवरचं नाव चालता चालता वाचता येतं. इथे वाचायचं तर वाकावंच लागतं."

पावसाने थोडा जोर धरला. अनुपने छत्री तिच्या बाजूला झुकवली. स्वतःचा खांदा भिजतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आणि चौथा दगड?" चारुताने विचारलं. "तुम्ही चार म्हणालात."

तो तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या लोकांना त्याने ही गोष्ट सांगितली असेल, पण दगड कुणी मोजले नव्हते.

"हाना. रुडीची मोठी बहीण, अठरा वर्षांची. ती एकटी निसटली. सैबेरियातून आगगाडीने, मग बोटीने... इथे. कोबेला. काही महिने राहिली आणि पुढे गेली. जी माणसं वाचली त्यांचेही दगड बसवतात, म्हणजे कुटुंब पुन्हा एका जागी येतं. हानाच्या दगडावर शेवटी लिहिलंय, पलायन, जपान. दर वर्षी मी तो शब्द घासून चकचकीत करायचो. मग कंपनीने विचारलं, कोबेला कोण जाईल... तर माझा हात आपोआप वर."

"तुमचा हात फारच आपोआप चालतो," चारुता म्हणाली.

हसता हसता तिला एकदम जाणवलं, की आपण बऱ्याच दिवसांनी कुणाच्या इतक्या जवळ बसलो आहोत. ती किंचित दूर सरकली. मग पाऊस लागला, म्हणून परत जवळ आली.

*

उन्हाळाभर त्यांचे रविवार हानाचं घर शोधण्यात गेले.

हाना म्हातारपणी दगड बसवण्याच्या वेळी ऑस्ट्रेलियाहून हँबुर्गला आली होती, तेव्हा तिने पेटरसेन आजींना कोबेचं वर्णन करून सांगितलं होतं. चढावर दुमजली लाकडी घर, हिरव्या झडपा, दाराशी दगडी पायऱ्या, वरच्या खिडकीतून जहाजं दिसायची. आणि शेजारची मुलं दारात संत्री ठेवून पळून जायची. ही मुलगी उपाशी असेल, असं त्यांच्या आईने सांगितलं असावं.

एवढ्या पत्त्यावर घर सापडतं होय! शहर युद्धात जळलं, पुढे भूकंपात पडलं. पण अनुप सगळे चढ चढायचा, चारुता त्याच्याबरोबर चढायची, आणि उतरताना दोघांच्या गप्पा चालायच्या. सोलापूरच्या त्याच्या शाळेच्या, तिच्या ठाण्याच्या घराच्या, जपानी कचऱ्याच्या. प्लास्टिक कुठल्या दिवशी आणि बाटल्या कुठल्या दिवशी टाकायच्या, हे त्याला सहा आठवड्यांतही जमलं नव्हतं. त्याची पिशवी वरच्या मजल्यावरचे काका रोज परत आणून दाराला लटकवत.

"हँबुर्गला चार भाषांत कंटेनर लावतोस, आणि इथे केळ्याची साल कुठे टाकायची कळत नाही?" चारुता म्हणाली.

"कंटेनर परत येऊन दाराला लटकत नाहीत ना!"

'तुम्ही'चं 'तू' नक्की कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. फुजिता-सानना मात्र सगळं कळत होतं. सोमवारी चारुता आली की त्या आधी तिच्या बुटांकडे बघत, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि स्वतःशीच गुणगुणत मोती निवडायला लागत.

ऑगस्टच्या एका रविवारी त्यांना झिजलेल्या दगडी पायऱ्या सापडल्या. वर घर नव्हतं, पैसे टाकून गाड्या लावायची जागा होती. तिथून दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती आणि तिच्यात एक जहाज अगदी सावकाश सरकत होतं.

"हेच असेल?" चारुताने विचारलं.

"माहीत नाही."

"मग?"

"मग चालेल," अनुप म्हणाला. त्याने घाम पुसला, पायरीवर बसला आणि बाजूची जागा हाताने झाडली. तिच्यासाठी.

त्या झाडलेल्या जागेवर चारुता बसली. हा माणूस आपल्याला आवडतो. तिने स्वतःशी कबूल करून टाकलं, आणि लगेच तिला भीती वाटली.

*

भीतीचं कारण तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं.

सप्टेंबरात एकदा अनुप तिची विसरलेली छत्री द्यायला आला आणि खालूनच फोन केला. "अगं, तुझी टपालपेटी कुठली? सगळ्यांच्या पेट्यांवर नावं आहेत. एकच कोरी आहे."

"तीच माझी."

ती खाली आली. पेटीवरची नावाची लहानशी खाच रिकामी होती. कडेला जुन्या डिंकाचा डाग.

"कुरियरवाल्यांचे शाप लागतील तुला," तो हसत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "चारुता? काय झालं?"

तिथेच, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून, तिने सांगितलं. सात वर्षांपूर्वी ती पियुषशी लग्न करून इथे आली. त्याने हौसेने दोघांची नावं जपानी अक्षरांत लिहून पेटीवर लावली होती. मग त्याची सिंगापूरला बदली झाली. घर मिळालं की लगेच बोलावतो, म्हणाला. तिने बॅगा भरून ठेवल्या होत्या. त्या तशाच भरलेल्या राहिल्या. वर्षभराने कळलं, तिथे त्याचं दुसऱ्याच कुणाशी सूत जुळलं होतं. घटस्फोट झाला. तिने मोत्यांचं काम धरलं आणि इथेच राहिली. घटस्फोट झाला त्या दिवशी पेटीवरची चिठ्ठी मात्र तिलाच नखाने खरवडून काढावी लागली.

"तेव्हा ठरवलं," ती म्हणाली, "आता दारात कुणाचं नाव नको. आणि कुणाला 'ये' म्हणून बोलवायचं तर मुळीच नको. मी त्याला फोन करकरून विचारायचे रे, कधी येऊ? कधी येऊ? अजून स्वतःचीच लाज वाटते."

अनुपने त्या कोऱ्या खाचेवरून बोट फिरवलं.

"निदान तुझं एकटीचं तरी लाव," तो हळूच म्हणाला. "तू इथे राहतेस. हे दारात लिहिलेलं असावं गं... माणूस राहत असतानाच."

ती छत्री घेऊन वर गेली. पण तो रस्त्याच्या वळणाशी दिसेनासा होईपर्यंत खिडकीत उभी राहिली.

*

ऑक्टोबर संपत आला आणि त्याच्याबरोबर अनुपचे सहा महिनेही. कोबेच्या बंदरातल्या लोकांना त्याचं काम पसंत पडलं होतं. कायमचा इथेच राहतोस का, असं त्यांनी विचारलं होतं आणि दहा नोव्हेंबरपर्यंत उत्तर मागितलं होतं. ही बातमी त्याने चारुताला त्याच बागेतल्या बाकावर सांगितली.

"तू काय म्हणालास?"

"अजून काहीच नाही." तो चहाच्या डब्याशी चाळा करत होता. "राहावं का मी?"

प्रश्न इतका साधा होता. 'हो' म्हणायचं, बस. चारुताच्या ओठांपर्यंत आलंही... आणि तिला त्या भरलेल्या बॅगा आठवल्या.

"तुझं तू ठरव," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला, पण त्याने मान डोलावली. "बरं. सहा तारखेला हँबुर्गला जातोय. नऊला तिथे असायला हवं."

नऊ नोव्हेंबर. अडतीस साली त्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, म्हणून दर वर्षी त्या दिवशी लोक आपापल्या दारासमोरचे दगड घासून लख्ख करतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. पेटरसेन आजींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून अनुपने त्यांना शब्द दिला होता.

"पण यंदा नऊ तारीख दिवाळीत आहे!" चारुताच्या तोंडून निघून गेलं. चार वर्षांत तिने दिवाळीला कढई चढवली नव्हती. यंदा तिने चकलीचा सोऱ्या मागवला होता, आणि ते त्याला सांगितलं नव्हतं. "एक वर्ष नाही गेलास तर काय होईल? ती माणसं काही विचारायला येणार नाहीत, का आला नाहीस म्हणून."

बोलल्याबरोबर तिला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

अनुप रागावला नाही. "खरं आहे," तो शांतपणे म्हणाला. "विचारायला कुणीच येणार नाही. म्हणून तर जायला हवं."

त्या रात्री चारुताला झोप लागली नाही. रडूही आलं नाही. एकच विचार मनात घोळत राहिला. ज्यांना कधी पाहिलं नाही, जे ऐंशी वर्षांपूर्वी गेले, ज्यांना हा शब्द मोडला तरी कळणार नाही, त्यांच्यासाठी हा माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून जातोय. आणि एक माणूस होता, ज्याने जिवंत बायकोला दिलेला शब्द फोनवरच मोडला. दोघांना एकाच मापाने मोजणारी आपण कसली मोती निवडणारी!

सहा तारखेला सकाळी ती विमानतळाच्या बसच्या थांब्यावर पोचली, तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती. आत चिंचेचं पाकीट आणि दोन पणत्या.

"चिंच?" अनुप चकित झाला.

"तूच सांगितलं होतंस ना, पहिल्या वर्षी सगळे ट्यूबमधलं पॉलिश घेऊन आले होते आणि तू आईसारखी चिंच लावलीस. तुझे दगड गल्लीत सगळ्यांत जास्त चमकले."

"हँबुर्गला चिंच मिळते गं."

"मिळू दे. ही मी दिलेली आहे."

बस आली. सामान चढलं. तो पायरीवर उभा राहून तिच्याकडे बघत होता... ती काही म्हणेल म्हणून. चारुताने तोंड उघडलं आणि म्हणाली, "नीट जा. पोचल्यावर कळव."

बस गेल्यावर तिने स्वतःला मराठीत आणि जपानीत दोन्हीकडून शिव्या दिल्या.

*

नऊ तारखेला संध्याकाळी, चकल्यांचा दुसरा घाणा तेलात असताना, फोन वाजला. हँबुर्गला सकाळ होती. अनुपचं नाक थंडीने लाल झालं होतं.

"गॅस बंद कर," तो म्हणाला. "तुला काहीतरी दाखवायचंय."

त्याने फोन खाली नेला. करड्या फुटपाथमध्ये चार पितळी चौकोन झगझगत होते. एकदम नवे, जणू आजच बसवलेले. शेजारी तिच्या दोन पणत्या, वाऱ्यात फडफडत. मागे लोकरीच्या शालीत गुंडाळलेल्या पेटरसेन आजी खुर्चीवर बसलेल्या. त्यांनी हात हलवला.

अनुपने नावं वाचली. यूलियुस सेलिग. क्लारा सेलिग. रुडी सेलिग. मग थांबला आणि म्हणाला, "चौथं तू वाच. कोबेची आहे ती."

"हाना सेलिग," चारुताने मोठ्याने वाचलं. त्या मुलीने कधीतरी याच शहराच्या दगडी पायऱ्यांवरून जहाजं बघितली असतील, आणि घरच्यांची वाट बघितली असेल. वाट बघणं काय असतं ते चारुताला माहीत होतं. तिने डोळे पुसले.

मागून आजी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. अनुपने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत... चिंच पाठवणारी मुलगी तुझी कोण."

"मग? काय सांगितलंस?"

"अजून काही नाही." त्याने फोन वर घेतला. आता त्याचा चेहरा अगदी जवळ होता. "म्हटलं, तिलाच विचारतो. काय सांगू, चारुता?"

पलीकडे एक सायकल घंटी वाजवत गेली. चारुताच्या हाताला चकलीचं पीठ लागलेलं होतं. जाऊ दे. एकदा काय ते होऊन जाऊ दे. ज्याला बोलावलं तो आला नाही, यात लाज त्याला वाटायला हवी, बोलावणारीला कसली?

"सांग त्यांना," ती म्हणाली, "की तिने तुला परत बोलावलंय. बंदरवाल्यांना उद्या हो म्हण. मला... तू इथे हवा आहेस, अनुप. मला तू फार आवडतोस. ये ना."

तो हसला. डावा डोळा जास्त मिटून. मग आजींकडे वळून त्याने जर्मनमध्ये एक भलं मोठं वाक्य सांगितलं, आणि आजींनी काठी बाजूला टाकून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"एवढं काय सांगितलंस?" चारुताने विचारलं.

"तू म्हणालीस तेवढंच. जर्मन भाषाच लांबलचक आहे," तो म्हणाला. "आणि ऐक, दर वर्षी नोव्हेंबरात मात्र यायचं इथे."

"येऊ की. मला पण घासायचेत ते दगड," चारुता म्हणाली.

*

डिसेंबरात तो आला. ती स्टेशनवर घ्यायला गेली. चढावर ती पितळी चकती आली, तेव्हा अनुपने तिला मुद्दाम वळसा घातला आणि चारुताने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

इमारतीच्या तळमजल्यावर तो बॅग ओढत टपालपेट्यांपाशी आला आणि थबकला. कोरी पेटी आता कोरी नव्हती. खाचेत एक स्वच्छ पांढरी पट्टी होती. वरच्या अर्ध्या भागात सुबक जपानी अक्षरांत आणि त्याखाली देवनागरीत लिहिलेलं होतं, चारुता. खालचा अर्धा भाग मोकळा.

तो वाकून बघत होता.

"कधी लावलंस?"

"दिवाळीतच. तुझा फोन ठेवला आणि तशीच खाली आले. पिठाचा हात लागलाय, बघ कोपऱ्यात."

"आणि खाली एवढी जागा का सोडलीस?"

"पेटी मोठी आहे," चारुता दुसरीकडे बघत म्हणाली.

"पेन आहे?"

"आहे. पण आधी कचऱ्याचं वेळापत्रक पाठ म्हणून दाखव. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवणाऱ्याचं नाव मी दारात लावणार नाही."

"सोमवार, गुरुवार ओला. बुधवारी प्लास्टिक..." तो पेनसाठी हात पुढे करत जवळ आला. जागा अरुंद, मध्ये त्याची बॅग. ती मागे सरकायला गेली आणि तिच्या बुटाचं टोक त्याच्या पायाला लागलं.

तिचा हात आपोआप पुढे गेला. त्याच्या बाहीला बोटं लावून ती छातीशी न्यायची, इतकंच. पण तो हात परत आलाच नाही. अनुपने तो मध्येच धरला आणि धरूनच ठेवला.

"सोड," ती हळूच म्हणाली. "नमस्कार अर्धा राहिला."

"राहू दे," तो म्हणाला. "नाव लिहून होईपर्यंत राहू दे."

आणि तिच्या दुसऱ्या हातातलं पेन घेऊन डाव्या हाताने, वाकडंतिकडं, त्याने तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.